मूत्राशय, घाम आणि डोकेदुखी : मज्जारज्जूच्या एका आणीबाणीचा इतिहास

१/ मूत्रमार्गात घातलेल्या नळीला एक पीळ पडतो, मूत्राशय भरत जाते आणि अर्ध्या तासात माणसाच्या मेंदूत रक्तस्राव होतो. असे घडू शकते का? घडू शकते, मात्र मानेत किंवा छातीच्या वरच्या भागात मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाच्या बाबतीत. या आणीबाणीला वैद्यकात ‘ऑटोनॉमिक डिस्रिफ्लेक्सिया’ म्हणतात. आजचा धागा तिच्या इतिहासाचा आहे.

२/ मित्रहो, कणा मोडलेल्या माणसांच्या नोंदी साडेतीन हजार वर्षांपासून आहेत. तरीही या आणीबाणीचे पूर्ण चित्र वैद्यकाला दिसले ते १९४७ साली. इतका उशीर का झाला, हा आपला मुख्य प्रश्न. उत्तर आधीच सांगून ठेवतो : ही आणीबाणी दिसण्यासाठी रुग्णाला काही आठवडे, काही महिने जगावे लागते. आणि मानवी इतिहासाच्या बहुतेक काळात हे रुग्ण तेवढे जगतच नव्हते.

३/ सुरुवात इजिप्तपासून करू. १८६२ साली एडविन स्मिथ या अमेरिकनाने लक्सर येथे एक पपायरस विकत घेतला. तो इसवी सनापूर्वी सुमारे १६०० च्या काळातला. मूळ मजकूर त्याहूनही जुना. त्यात जखमांची ४८ प्रकरणे आहेत. एकतिसाव्या प्रकरणातील माणसाच्या मानेचा मणका निखळला आहे. त्याला हातापायांची संवेदना उरलेली नाही, मूत्र नकळत गळते आहे. लेखक ही लक्षणे काळजीपूर्वक नोंदवतो आणि शेवटी निर्णय देतो, की या दुखण्यावर उपचार करू नयेत.

४/ त्या वैद्याला निष्ठुर ठरवण्याची घाई करू नये. त्याच्या हाती जे होते त्याच्या आधारे त्याचा निर्णय प्रामाणिक होता. विस्मयाची गोष्ट ही, की हजारो वर्षे तो जवळजवळ तसाच टिकला. २१ ऑक्टोबर १८०५ रोजी ट्रफाल्गारच्या सागरी युद्धात फ्रेंच जहाजावरून सुटलेली गोळी ॲडमिरल नेल्सनच्या खांद्यातून शिरून कण्यात रुतली. शरीराचा खालचा भाग आपला राहिला नाही हे त्याला तत्काळ कळले. विल्यम बीटी हा जहाजावरचा शल्यविशारद त्याच्याजवळ होता; पण करण्यासारखे काही नव्हते. सुमारे तीन तासांत नेल्सन गेला.

५/ जे रुग्ण पहिल्या तडाख्यातून वाचत, त्यांच्यापुढे दोन संथ शत्रू उभे राहत. पहिला शय्याव्रण : संवेदना नसलेली त्वचा तासन्‌तास अंथरुणाशी दाबून राहिली, की ती सडते. दुसरा मूत्रमार्गाचा जंतुदोष : मूत्राशय आपोआप रिकामे होत नाही, साचलेल्या मूत्रात जंतू वाढतात, ते मूत्रपिंडापर्यंत आणि शेवटी रक्तात पोहोचतात. प्रतिजैविके नव्हती. बहुतेकांचा अंत काही आठवड्यांत किंवा महिन्यांत होई.

६/ इथे शरीराचे एक वैशिष्ट्य लक्षात घ्यावे लागते. मज्जारज्जूला मोठी इजा झाली, की त्या जागेखालचा सारा रज्जू काही काळ जणू बधिर होतो. गुडघ्यावर ठोकले तरी पाय उडत नाही. स्नायू सैल पडतात. एकोणिसाव्या शतकात मार्शल हॉल या इंग्रज वैद्याने प्रतिक्षिप्त क्रियांचा पद्धतशीर अभ्यास केला आणि या अवस्थेला ‘स्पायनल शॉक’ हे नाव दिले. ती दिवसांपासून आठवड्यांपर्यंत टिकते. त्यानंतर खालचा रज्जू पुन्हा जागा होतो. परंतु आता मेंदूपासून तुटलेला, स्वतःच्याच तंत्राने चालणारा.

७/ आपली आणीबाणी बहुतेकदा या जागृतीनंतर अवतरते. म्हणजे ज्या काळात रुग्ण दगावत होते, तो काळ आणि जिच्यात हे लक्षण उमटते ती अवस्था यांची गाठ क्वचितच पडत होती. नेल्सनला ती होणे शक्य नव्हते. इजिप्तच्या वैद्याने ती पाहिली असण्याचा संभव फार थोडा.

८/ दुसरीही एक अडचण होती. ही घटना समजण्यासाठी आधी शरीराची एक अदृश्य यंत्रणा समजायला हवी होती. हृदयाची गती, रक्तवाहिन्यांचे आकुंचन, घाम, आतड्यांची हालचाल ही कामे आपल्या इच्छेविना चालतात. त्यांचे नियमन करणाऱ्या चेतासंस्थेला केंब्रिजच्या जॉन न्यूपोर्ट लँगली याने १८९८ साली ‘ऑटोनॉमिक’ म्हणजे स्वायत्त हे नाव दिले. तिच्या दोन मुख्य शाखा : संकटात शरीराला सज्ज करणारी अनुकंपी आणि विश्रांतीकडे नेणारी परानुकंपी. या दोहोंचे मार्ग वेगळे आहेत आणि पुढचे सारे नाट्य त्या वेगळेपणातून घडते.

९/ पहिले महायुद्ध आले. बंदुका आणि तोफगोळ्यांनी हजारो तरुणांचे कणे मोडले. लंडनच्या व्हिन्सेंट स्क्वेअरमधील एम्पायर रुग्णालयात अशा अधिकाऱ्यांवर उपचार होत. तेथे जॉर्ज रिडॉक हा तरुण वैद्य काम करत होता आणि त्याच्यासोबत होता हेन्री हेड. हा हेड विलक्षण माणूस : संवेदना कशी परतते हे कळावे म्हणून त्याने १९०३ साली स्वतःच्या हातातील चेता शस्त्रक्रियेने कापून घेतली होती.

१०/ हेड आणि रिडॉक यांना एक चमत्कारिक गोष्ट दिसली. रुग्णाचे मूत्राशय नळीवाटे द्रव सोडून भरले, की त्याला घामाच्या धारा लागत. त्या माणसाला मूत्राशय भरल्याची जाणीवही नसे! खालून वर जाणारा संदेशाचा मार्ग तुटलेला होता. तरीही शरीर कशाला तरी उत्तर देत होते. १९१७ साली त्यांनी ‘ब्रेन’ या नियतकालिकात यावर दीर्घ लेख प्रसिद्ध केला. त्याचा भर आपोआप रिकाम्या होणाऱ्या मूत्राशयावर आणि अतिरिक्त घामावर होता.

११/ म्हणजे दाराची फट उघडली होती. पण ती तशीच राहिली, कारण युद्ध संपले आणि हे रुग्णही एकामागून एक संपले. ज्यांच्यावर पुढचा अभ्यास व्हायचा, तेच उरले नाहीत. दोन महायुद्धांच्या दरम्यान अपवाद फार थोडे. त्यांतला महत्त्वाचा म्हणजे बोस्टनमध्ये डोनाल्ड मन्रो याने १९३६ साली मज्जारज्जूच्या रुग्णांसाठी सुरू केलेला स्वतंत्र विभाग.

१२/ आता त्याच १९१७ सालात, परंतु आघाडीच्या पलीकडे, जर्मन साम्राज्यात जाऊ. अप्पर सायलेशियातील क्योनिग्सह्युट्टे या खाणींच्या गावी अपघात-रुग्णालयात अठरा वर्षांचा एक ज्यू मुलगा मदतनीस म्हणून काम करत होता. एके दिवशी कणा मोडलेला एक धडधाकट खाणकामगार आणला गेला. त्याच्याभोवती पडदे लावले गेले. नोंदी करू लागलेल्या मुलाला वरिष्ठांनी सांगितले, की तसदी घेऊ नकोस, हा काही आठवड्यांचा सोबती आहे. पाच आठवड्यांनी तो कामगार जंतुदोषाने गेला. मुलाचे नाव लुडविग गुटमन. तो चेहरा तो आयुष्यभर विसरला नाही.

१३/ गुटमन पुढे ब्रेस्लाऊ येथे ओटफ्रिड फोर्स्टर या श्रेष्ठ चेतातज्ज्ञाच्या हाताखाली तयार झाला. त्याच्या संशोधनाचा एक विषय आपल्या दृष्टीने लक्षणीय आहे : घाम! त्वचेवर क्विनिझरिनची पूड शिंपडायची. जेथे घाम येईल तेथे ती गडद जांभळी होते, जेथे चेता तुटलेली असेल तेथे कोरडी राहते. अशा रीतीने शरीरावर अनुकंपी चेतासंस्थेचा नकाशाच उमटतो. घाम वाचता येणारा हा माणूस पुढे नेमका योग्य ठिकाणी पोहोचणार होता. मात्र वाट सरळ नव्हती.

१४/ १९३३ साली नाझी राजवटीने ज्यू वैद्यांना सरकारी रुग्णालयांतून हाकलले. गुटमन ब्रेस्लाऊच्या ज्यू रुग्णालयात गेला आणि १९३७ मध्ये त्याचा प्रमुख झाला. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री सभागृहे जाळली जात असताना, दारात येईल त्या प्रत्येकाला दाखल करून घेण्याचा आदेश त्याने दिला. ६४ जण आत आले. दुसऱ्या दिवशी गेस्टापोचे अधिकारी झडतीला आले, तेव्हा तो त्यांना खाटेखाटेवर नेत प्रत्येकाचा काही ना काही आजार सांगत राहिला. ६० जणांची अटक टळली. मार्च १९३९ मध्ये तो पत्नी आणि दोन मुलांसह इंग्लंडला पोहोचला.

१५/ ऑक्सफर्डमध्ये शल्यविशारद ह्यू केर्न्सच्या आश्रयाने त्याला संशोधनाचे काम मिळाले. १९४३ साली दोस्त राष्ट्रे युरोपच्या मुख्य भूमीवर उतरण्याची तयारी करत होती. कणा मोडलेले सैनिक येणार हे उघड होते. त्यांच्यासाठी एल्सबरीजवळच्या स्टोक मँडेव्हिल येथे स्वतंत्र विभाग काढायचे ठरले. त्याचे प्रमुखपद गुटमनला देऊ करणारा माणूस म्हणजे जॉर्ज रिडॉक. तोच, १९१७ च्या लेखाचा सहलेखक! आपल्या पद्धतीत कुणी ढवळाढवळ करणार नाही, या अटीवर गुटमनने होकार दिला. १ फेब्रुवारी १९४४ रोजी विभाग सुरू झाला.

१६/ गुटमनने कोणतेही चमत्कारिक औषध आणले नाही. दर दोन तासांनी, रात्रीबेरात्रीही, प्रत्येक रुग्णाची कूस बदलायची. प्लास्टरचे साचे काढून टाकायचे. मूत्राशय ठराविक वेळी, निर्जंतुक पद्धतीने, नळीने रिकामे करायचे. रुग्णाला अंथरुणातून उठवून कामाला, खेळाला लावायचे. याच वर्षांत सल्फा औषधे आणि पेनिसिलीनही हाताशी आली होती. कूस बदलण्याच्या फेऱ्यांत तो स्वतः मध्यरात्री हजर होई, त्यामुळे कुणाला हयगय करता येत नसे.

१७/ ही पद्धत सर्वत्र पोहोचलेली नव्हती, हे विसरू नये. ९ डिसेंबर १९४५ रोजी मानहाइमजवळ मोटार-अपघातात अमेरिकेचा जनरल जॉर्ज पॅटन याची मान मोडली. त्याच्यासाठी ऑक्सफर्डहून खुद्द केर्न्सला हायडेलबर्गला नेण्यात आले. उपलब्ध असलेले सर्वोत्तम वैद्यक त्याच्या खाटेशी उभे होते. बाराव्या दिवशी, फुप्फुसात अडकलेल्या रक्ताच्या गुठळीने त्याचा अंत झाला. हायडेलबर्ग हे नाव ध्यानात ठेवा. ते पुन्हा येणार आहे.

१८/ स्टोक मँडेव्हिलमध्ये मात्र रुग्ण जगू लागले. महिने गेले, वर्ष गेले. आणि जगलेल्या रुग्णांत नवीच तक्रार दिसू लागली. मानेत किंवा छातीच्या वरच्या भागात इजा झालेल्या माणसाचे डोके एकाएकी ठणकू लागे, फुटेल असे. चेहरा लाल होई, कपाळावर घामाचे थेंब डवरत, नाक चोंदे, अंगावर काटा येई, अनामिक भीती दाटे. मूत्राशय रिकामे केले, की काही मिनिटांत सारे शांत. वरवर पाहता ही किरकोळ तक्रार : घाम आणि डोकेदुखी. ज्याच्याजवळ घामाचे वाचन करणारी दृष्टी होती, त्याने ती किरकोळ मानली नाही.

१९/ गुटमनने ऑक्सफर्डचा शरीरक्रियाशास्त्रज्ञ डेव्हिड व्हिटरिज याला सोबत घेतले. दोघांनी मूत्राशय सावकाश भरत नेले आणि त्याच वेळी रक्तदाब, हृदयाची गती, हातापायांच्या बोटांतील रक्तप्रवाह यांची नोंद केली. १९४७ साली त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. नियतकालिक तेच, ‘ब्रेन’. तीस वर्षांपूर्वी हेड आणि रिडॉक यांनी जेथे लेखणी ठेवली होती, तेथूनच जणू ती पुन्हा उचलली गेली.

२०/ त्यांना काय आढळले? इजा छातीच्या पाचव्या-सहाव्या पातळीच्या वर असेल, तर मूत्राशय ताणताच रक्तदाब झपाट्याने चढतो. असे झटके आलेल्या रुग्णांत वरचा आकडा २०० च्या पुढे, काही वेळा ३०० पर्यंत जाऊ शकतो. पायांच्या बोटांतील रक्तवाहिन्या आवळल्या जातात, चेहरा आणि मान मात्र लाल होते. आणि सर्वांत विस्मयकारक म्हणजे, रक्तदाब असा उसळत असताना हृदयाची गती बहुधा मंदावते. इजा त्या पातळीच्या बरीच खाली असेल, तर हे वादळ उठत नाही.

२१/ या विसंगतीचा उलगडा असा. भरलेले मूत्राशय खालच्या रज्जूला संदेश पाठवते. तो मेंदूपर्यंत पोहोचत नाही, पण खालच्या रज्जूत अनुकंपी चेतांना चेतवतो. त्या पोटातील आणि पायांतील रक्तवाहिन्या आवळतात. पोटातील रक्तवाहिन्यांचे जाळे प्रचंड मोठे आहे. त्याच्या चेता छातीच्या पाचव्या-सहाव्या पातळीपासून खाली निघतात. म्हणूनच ती पातळी निर्णायक. जाळे आवळले, की रक्त वर लोटले जाते आणि दाब चढतो.

२२/ मानेतील आणि महारोहिणीतील दाबमापक चेता मेंदूला इशारा देतात. मेंदू दोन हुकूम सोडतो. पहिला : रक्तवाहिन्या सैल करा. तो मज्जारज्जूतून खाली जायचा असतो, आणि रस्ता इजेपाशी तुटलेला आहे. त्यामुळे तो फक्त इजेच्या वर पाळला जातो. चेहरा लाल होतो, नाक चोंदते ते त्यामुळे. दुसरा हुकूम : हृदय मंद करा. तो व्हेगस चेतेतून जातो आणि ही चेता कवटीतून थेट बाहेर पडते, मज्जारज्जूच्या वाटेला जात नाही. म्हणून हृदय आज्ञा पाळते. पण एवढ्याने दाब उतरत नाही. फितूर झालेल्या किल्ल्यातून राजधानीकडे वार्ता येते, राजधानीचा हुकूम मात्र त्या किल्ल्यात शिरू शकत नाही, असा हा प्रकार.

२३/ कारण कळले तसा उपचारही स्पष्ट झाला. आजही त्याचा क्रम हाच आहे. रुग्णाला ताबडतोब उठवून बसवायचे आणि पाय खाली सोडायचे, म्हणजे रक्त पायांकडे उतरून दाब काहीसा कमी होतो. घट्ट कपडे, पट्टे, पायाला बांधलेल्या पिशवीचे बंद सैल करायचे. दर काही मिनिटांनी रक्तदाब पाहायचा. नळीला पीळ किंवा अडथळा आहे का ते तपासायचे. नळी नसेल तर मूत्राशय रिकामे करायचे. मग आतड्यात साठलेला मळ, मग त्वचा : शय्याव्रण, भाजल्याची जखम, मांसात रुतलेले नखसुद्धा. कारण सापडेना किंवा दाब उतरेना, तर जलद काम करणारे रक्तदाबाचे औषध, आणि विलंब न लावता रुग्णालय.

२४/ येथे दोन सापळे आहेत. पहिला अंगवळणी पडलेल्या सवयीचा. कुणाला बरे वाटेनासे झाले, की आपण त्याला आडवे करतो. मज्जारज्जूच्या रुग्णाला कधीकधी ते योग्यही असते, कारण त्याच माणसाचा रक्तदाब एकदम उठून बसल्यावर कोसळूही शकतो. तेव्हा चेहरा पांढरा पडतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि आडवे करून पाय उचलावे लागतात. परंतु डोके ठणकते आहे, चेहरा लाल आहे, घाम सुटला आहे, तर आडवे करणे घातक. एकाच देहात दोन परस्परविरुद्ध आणीबाण्या, आणि उपायही परस्परविरुद्ध.

२५/ दुसरा सापळा आकड्याचा. मानेत इजा झालेल्या माणसाचा नेहमीचा वरचा रक्तदाब बहुधा ९० ते ११० च्या दरम्यान असतो. त्याचा दाब १४० झाला, तर अनोळखी परिचारकाला त्यात फारसे वावगे दिसत नाही. प्रत्यक्षात त्या माणसासाठी ती मोठी चढण असते. नेहमीच्या आकड्यापेक्षा २० ते ४० ची वाढ हा धोक्याचा इशारा मानला जातो. म्हणून या रुग्णांना आपला रोजचा आकडा पाठ असणे फार मोलाचे.

२६/ स्त्री-रुग्णांच्या बाबतीत आणखी एक गफलत होऊ शकते. वरच्या पातळीवर इजा झालेली स्त्री प्रसूत होताना कळांची वेदना तिला जाणवत नाही; परंतु गर्भाशयाचे आकुंचन खालच्या रज्जूला चेतवते आणि रक्तदाब उसळतो. बाहेरून पाहणाऱ्याला ते गर्भारपणातील नेहमीच्या रक्तदाबविकारासारखे दिसते. फरक ओळखण्याची खूण म्हणजे दाबाचा चढउतार कळांच्या तालावर होतो. येथे योग्य पातळीची भूल वेळीच दिली, तर वादळ मुळातच रोखता येते.

२७/ गुटमनकडे परत येऊ. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, स्टोक मँडेव्हिलच्या हिरवळीवर १६ रुग्णांची धनुर्विद्येची स्पर्धा झाली. त्यातूनच १९६० साली रोममध्ये पहिली पॅरालिंपिक स्पर्धा साकारली. १९७२ ची स्पर्धा भरली हायडेलबर्गला. जेथे मान मोडलेला पॅटन बाराव्या दिवशी गेला होता, त्याच गावी. मान मोडून हात आणि पाय दोन्ही दुबळे झालेल्या खेळाडूंसाठी या स्पर्धेत प्रथमच प्रकार ठेवले गेले. दोन घटनांमध्ये अंतर २७ वर्षांचे.

२८/ त्याच हायडेलबर्गमध्ये मराठी मातीतल्या एका सैनिकाने इतिहास घडवला. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले होते. एक गोळी कण्यात होती. त्यांनी ५० मीटर मुक्त शैलीच्या जलतरणात सुवर्णपदक मिळवले, पॅरालिंपिकमधील भारताचे पहिले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७४ साली, पुण्यातील खडकी येथे जायबंदी सैनिकांसाठी पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र उभे राहिले. पडद्याआडच्या खाणकामगारापासून येथवरचा प्रवास एका पिढीचा आहे.

२९/ या कथेला एक काळी किनारही आहे. मानेत इजा असलेल्या खेळाडूंचे हृदय परिश्रमात पुरेसे वेगवान होत नाही, रक्तदाबही कमी राहतो. काही खेळाडूंच्या ध्यानात आले, की ही आणीबाणी मुद्दाम ओढवून घेतली, तर थोडा वेळ जोर वाढतो. नळी बंद करून मूत्राशय भरू देणे, पाय आवळून बांधणे, क्वचित स्वतःचे बोट मोडणे. वेदना तर होतच नाही! याला ‘बूस्टिंग’ म्हणतात. १९९४ पासून त्यावर बंदी आहे, आणि स्पर्धेपूर्वी वरचा रक्तदाब १६० किंवा अधिक आढळल्यास खेळाडूला उतरू देत नाहीत. ज्या वादळातून माणसे वाचावीत म्हणून गुटमन झटला, तेच वादळ त्यानेच जन्माला घातलेल्या स्पर्धेत शस्त्र म्हणून वापरले गेले.

३०/ सर लुडविग गुटमन १८ मार्च १९८० रोजी निवर्तले. त्यांच्या अभ्यासाला आता पाऊण शतकाहून अधिक काळ लोटला. तरीही ही आणीबाणी मज्जारज्जूच्या विशेष विभागांबाहेर फारशी परिचित नाही. त्यामुळे अनेक देशांत रुग्ण आपल्या खिशात एक कार्ड बाळगतात : माझी इजा या पातळीची आहे, माझा रोजचा रक्तदाब इतका आहे, डोके ठणकले तर मला बसवा, आडवे करू नका, आधी मूत्राशय पाहा. आणीबाणीच्या क्षणी रुग्णालाच वैद्याला शिकवावे लागते.

३१/ इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांनी यातून काय घ्यावे? पपायरसचा लेखक निरीक्षणात कमी नव्हता. हेड आणि रिडॉक तर मुळीच नव्हते. त्यांना उणीव होती ती जगलेल्या रुग्णांची. दर दोन तासांनी कूस बदलणाऱ्या, नावे कुठेही न नोंदलेल्या परिचारिकांनी आणि सेवकांनी ते रुग्ण जगवले आणि मगच शास्त्राला पुढचे पान वाचता आले. शोधांच्या इतिहासात आपण १९४७ चा लेख नोंदवतो. त्याच्या मागे १९४४ पासूनच्या त्या जागत्या रात्री आहेत, त्याही नोंदवायला हव्यात.

३२/ आपल्या परिचयात चाकांच्या खुर्चीवर वावरणारे कुणी असेल, तर हा धागा त्यांच्या घरच्यांपर्यंत अवश्य पोहोचवा. त्यांच्या वैद्यांना एवढेच विचारा, की इजा कोणत्या पातळीची आहे आणि रोजचा रक्तदाब किती. ही दोन उत्तरे कागदावर लिहून खुर्चीच्या खिशात ठेवलेली असली, तर कधीतरी एखाद्या अनोळखी माणसाला योग्य वेळी योग्य गोष्ट करता येईल. येथे थांबतो.